मोठी क्षमा

शटरच्या उजव्या कोपऱ्यातलं कुलूप नव्हतं. डावं, म्हणजे शिवानंदचं, जागच्या जागी लोंबत होतं. उजवी कडी मात्र मोकळी. शिवानंद किल्ली हातात धरून पायरीवर तसाच उभा राहिला. पहिल्यांदा मनात आलं, चोर. मग त्याचं त्यालाच हसू आलं. असा कुठला शहाणा चोर असेल, जो अर्धं शटर मोकळं करून उरलेलं अर्धं मालकाच्या मर्जीवर सोडून जाईल? काल संध्याकाळी दोन्ही कुलपं त्यानंच दाबली होती. रोज तोच दाबायचा. महावीर जैन माणूस, दिवस बुडायच्या आत पानावर बसायचा नेम, म्हणून ऊन कललं की तो घरची वाट धरायचा आणि त्याच्या बाजूचं कुलूप दाबायचं काम शिवानंदकडं यायचं. कुलूप दाबायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते. सकाळी ज्यानं त्यानं आपापलं उघडायचं, एकानं ह्या टोकाला आणि दुसऱ्यानं त्या टोकाला हात घालायचा आणि शटर वर ढकलायचं. जो आधी येईल त्यानं समोरच्या गाड्यावर चहा घेत दुसऱ्याची वाट बघायची. दुसरी किल्ली कुणीच करून घेतली नव्हती. मंगळवार पेठेतली माणसं चेष्टा करायची, काय रं, एकमेकांवर भरवसा न्हाय व्हय? आणि महावीर शांतपणे म्हणायचा, भरवसा हाय म्हणून तर एकच किल्ली. आता ह्यात भरवसा कुठं आणि आळस कुठं हे शिवानंदलाही कधी नीट उमगलं नव्हतं. पण हे उत्तर त्याला आवडायचं.

त्यानं आपलं कुलूप काढलं आणि एकट्यानंच मधोमध हात घालून शटर उचललं. ते एका बाजूनं वर गेलं, दुसऱ्या बाजूनं अडलं, कुरकुरलं आणि कमरेएवढ्या उंचीवर तिरकं बसून राहिलं. चहावाला ओरडला, "पावणं, आज जोडीदार कुटं हाय?" शिवानंद वाकून आत शिरला. गणपती जाऊन दोनच दिवस झाले होते. पायरीवर, पायपुसण्यावर, दुकानाच्या फरशीवर गुलाल होता आणि रस्त्यावर मांडवाचे बांबू सोडवायचं काम चाललेलं. आत सगळं होतं तसं होतं. डावीकडं त्याची कपाटं, कपाटांत चषक आणि ढाली, तालमींच्या आणि मंडळांच्या, नावं कोरून झालेल्या आणि नावांची वाट बघणाऱ्या. उजवीकडं महावीरच्या फोटोफ्रेमी, भिंतीला टेकवलेल्या पट्ट्या, लाकडी घोडीत उभ्या केलेल्या काचा. सगळं होतं, फक्त खिळ्यावरची हिरकणी नव्हती. काच कापायची ती हिरकणी महावीर कुणाच्या हातात देत नसे; काल जातानाच त्यानं ती उचलली असणार. शिवानंद त्या खिळ्याकडं बघत बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला कळलंय. कुणी सांगितलेलं नाही, पण महावीर दुकान सोडून गेलाय. काचेवरून हिरकणी जाताना जो आवाज व्हायचा, कर्रर असा लांबलचक, तो ऐकून सुरुवातीला त्याच्या दाढा शिवशिवायच्या. पुढं पुढं तो आवाज ऐकू येईनासा झाला. आज तो नव्हता, आणि दाढा मात्र शिवशिवत होत्या.

हा गाळा दोघांनी मिळून घेतला तो एक्क्याण्णव साली. एकट्याला कुणालाच झेपणारा नव्हता. मधे भिंत घालू द्यायला मालक गणपतराव तयार नव्हते, म्हणून करारही एकच झाला, दोघांच्या नावानं. वकिलाच्या माडीवर कारकुनानं कागद वाचून दाखवला तेव्हा महावीर बशीत चहा ओतत होता. "भाडेकरू क्रमांक एक व दोन हे एकत्रितपणे तसेच प्रत्येकी संपूर्ण जबाबदार राहतील." महावीर म्हणाला, "म्हंजे काय ओ?" कारकून म्हणाला, "म्हंजे अर्धं अर्धं असं काय न्हाय. एक पळाला तर दुसऱ्यानं सगळं." त्यावर शिवानंद म्हणाला होता, "पळतोय कुटं ह्यो? रातचं जेवत न्हाय, ह्येला पळायला जोर कुटला?" आणि तिघंही खो खो हसले होते. दोन हजार साली मुदत वाढवली तेव्हा तोच कागद, तीच ओळ. तेव्हा कुणी हसलं नाही, कारण कुणी ऐकलंच नाही. नऊ वर्षांची मुदत. अजून चार राहिली होती. चार वर्षं म्हणजे काय, चुटकीसरशी जातात असं माणूस पुढच्याला सांगतो. स्वतःला सांगताना चुटकी वाजत नाही.

गणपतराव दूध घेऊन जाताना रोज दुकानासमोर थांबायचे. आजही थांबले. तिरकं शटर बघून म्हणाले, "एकट्याला झेपंना व्हय? सवय हुईल. आता एकट्यालाच करायचं की."

"काय करायचं?" शिवानंद म्हणाला.

"दुकान! महावीर सांगून गेला की काल. म्हटला, बहिणीपाशी शिरोळला ऱ्हायला जातोय, शिवानंद राजी हाय. मला बरं वाटलं बघ. मी त्याला आधीच बजावलं होतं, मुदत संपायच्या आत गाळा मोकळा करून मी घेणार न्हाय. दोघांतला एक तरी बसला पायजे. जो बसंल त्यानं सगळं आपल्या डोस्क्यावर घेतो म्हणून लिहून द्यायचं, मग दुसऱ्याला सोडतो. आता तू राजी हाईस म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

"मला कोन काय बोललंच न्हाय."

गणपतरावांनी दुधाची बरणी ह्या हातातनं त्या हातात घेतली. "आरं, मी सांगणार होतो. महावीर मला म्हटला, माझ्या तोंडानं त्याला सांगवत न्हाय, तुम्ही सांगा. मी म्हटलं, सांगतो. मग गणपतीच्या गडबडीत ऱ्हायलंच बघ. पण महावीर म्हटला की, शिवानंदनं क्षमा केली म्हणून. बाबा, तुमचं तुम्ही बघा. मला सही पायजे. एकाची न्हायतर दोघं हाईसाच कागदावर." आणि ते निघून गेले. वाईट माणूस नव्हता. पण दुसऱ्याचा निरोप विसरला म्हणून ज्याला झोप लागत नाही, त्यातलाही नव्हता.

शिवानंद स्टुलावर बसला. क्षमा. हां, काल क्षमावाणी होती. दहा दिवसांचं पर्व संपलं की दरवर्षी महावीर बस्तीतून, म्हणजे त्यांच्या देवळातून, सरळ दुकानात यायचा, धुवट पांढरी कापडं, कपाळाला गंध, दोन्ही हात जोडून म्हणायचा, "उत्तम क्षमा. वर्षभरात काय चुकलं-माकलं असंल तर क्षमा कर." पहिल्या वर्षी शिवानंद गांगरलाच होता. आपल्याहून चार वर्षांनी मोठा माणूस आपल्यापुढं हात जोडतोय, म्हणजे काय तरी भानगड असणार. मग कळलं की ते रीतीचं असतं, त्यादिवशी ते सगळ्यांनाच म्हणतात, शेजाऱ्याला, भावाला, बायकोला, ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही त्यालासुद्धा. पुढं पुढं ती गंमत झाली. शिवानंद म्हणायचा, "माझी अर्धी बाजू फ्रेमीनं अडवतोस त्येची करू का न करू?" महावीर म्हणायचा, "त्येचीबी कर." आणि पेढा द्यायचा. काल मात्र त्यानं हात जोडले ते खाली घेतलेच नाहीत. म्हणाला, "शिवानंद, यंदा जरा मोठी क्षमा मागतोय." त्याचा आवाज बसलेला होता. शिवानंदला वाटलं, उपवासानं. तो एका ढालीवर 'उपविजेता' कोरत होता, वेलांटी बिघडेल म्हणून त्यानं मान परत वर केली नाही. म्हणाला, "मोठी बी दिली, बारकी बी दिली. पेढा काढ." महावीरनं पेढा ठेवला आणि शिवानंदच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. इतक्या वर्षांत त्यानं खांद्यावर हात कधी ठेवला नव्हता. तेव्हा तरी मान वर करायची! पण माणूस वेलांटी सांभाळतो.

म्हणजे महावीर खोटं बोलला नव्हता. त्याला वाटलं, गणपतरावांनी सांगितलंय, शिवानंदला सगळं ठाऊक आहे आणि तरीही हा हसत हसत देतोय. केवढा मोठा वाटला असेल आपण त्याला. ह्या विचारानं शिवानंदला आधी बरं वाटलं, आणि मग असा संताप आला की हातातली कोरणी त्यानं टेबलावर आपटली. न कळता दिलेली क्षमा कसली? कोऱ्या कागदावर अंगठा घेतल्यागत झालं हे. पण महावीरनं कागद कोरा ठेवला नव्हता, तो मोठी म्हणाला होता. मग परत घ्यायची? दिलेली क्षमा परत घेतली असं आजवर कुणी ऐकलंय? जावई परत पाठवता येतो, पेढ्याचा पुडा परत देता येतो, पण हे? पेढा तर पोटात गेला होता. बाहेर बांबू रस्त्यावर आपटत होते. त्या आवाजानं चषक कपाटात बारीक थरथरत होते, आणि शिवानंदला एकाएकी ते सगळे नकोसे झाले, ती पिवळी चकाकी, ती ओठ नसलेली तोंडं. नकोसे आज झाले नव्हते. ते केव्हापासून नकोसे आहेत हे त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि ते आजवर त्यानं बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

कारण जायचं त्यालाही होतं. खरं तर त्यालाच जायचं होतं. लेक सौंदर्या बेंगळूरला दिलेली, जावई चांगला, वरच्या मजल्यावरची खोली रिकामी, आणि नातू शिवांश, जो फोनवर कानडीत काहीतरी बडबडायचा आणि शेवटी आज्जाला विचारायचा, नाळे बर्तीया? उद्या येतोस? संक्रांतीपासून शिवानंदनं मनाशी ठरवलेलं: दसरा झाला की महावीरला सांगायचं. दोनदा तोंडापर्यंत आलंही होतं. पण प्रत्येक वेळी त्यानं त्या उजव्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाकडं बघितलं, काचेवर ओणवलेला, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि त्याला वाटलं, आपण गेलो तर हा बिचारा काय करील? सगळा गाळा ह्याच्या डोक्यावर पडेल. आपल्याच चांगुलपणाची ही ऊब त्याला आवडली होती, हे तो आज कबूल करत होता. आणि तो बिचारा तिकडं गणपतरावांच्या माडीवर जाऊन आला! आधी बोलला तो सुटला. दोघांच्या गाडीला एकच दार, आणि शिवानंद दुसऱ्याला आधी उतरू दे म्हणून उभा राहिला, तोवर दुसरा उतरून गेलासुद्धा. त्याला महावीरचा राग येत होता की स्वतःचा, हे त्याचं त्यालाच कळेना.

दुपारी तो शिवाजी पेठेत घरी जेवायला गेला. बायकोनं, शालूनं, भाकरी वाढली आणि समोर बसली. ती त्याच्याशी अर्धं कानडी अर्धं मराठी बोलायची, पण दुकानाचा विषय आला की निव्वळ मराठी, जणू ते दुकान घरातलं नव्हेच. "सौंदर्याचा फोन आलता," ती म्हणाली. "म्हणती, खोलीला रंग दिला. शिवांश म्हणतोय आज्जाचा पलंग खिडकीजवळ." शिवानंद जेवत राहिला. "महावीरण्णांना कवा सांगणार हाईसा? दसऱ्याचं म्हणत होतासा न्हवं?"

"सांगतो की."

"असंच संक्रांतीपासनं सांगताय. त्यांस्नी वाईट वाटंल म्हणून आपण हितंच मरायचं का? माझं गुडघं जिना चढत्यात तवर तरी जाऊ या."

त्याला वाटलं, सांगून टाकावं, की महावीरण्णा आधीच सुटले. पण मग ती म्हणेल, सही करू नका. आणि ते बरोबरच असेल. सही केली नाही तर महावीर कागदावरून सुटणार नाही. तो शिरोळला असला तरी गणपतरावांचा हात त्याच्यापर्यंत पोचेल, आणि झक मारत त्याला परत येऊन बसावं लागेल. मग त्याला सांगता येईल, तू बस, मी जातो. इतकं सोपं होतं. फक्त एक नाही म्हणायचं होतं. तो हात धुवायला उठला तेव्हा त्याचं ठरलं होतं.

महावीर तिसऱ्या प्रहरी आला. बाहेर हातगाडी उभी होती. वाकून शटरखालून आत आला आणि हसला. यंदाच्या पुरानंतर त्याचा चेहरा ओढलेला दिसायचा. त्याची थोरली बहीण, अक्काताई, शिरोळच्या घरात एकटी असते. पाणी चढलं तेव्हा तिला ट्रॅक्टरवरून शाळेत नेऊन ठेवलं होतं, सगळं उतरल्यावर घरी आणलं, पण तेव्हापासून ती झोपत नाही. नळ सुटला तरी दचकते, उशाला चपला घेऊन बसते. हे त्यानं ऑगस्टमधेच सांगितलं होतं, काच कापता कापता, आणि शिवानंद च्च म्हणाला होता.

"सकाळी लवकर आलतो," महावीर म्हणाला. "तू असतास तर कुलूप काढवलं नसतं माझ्यानं. म्हणून आधीच आलो."

शिवानंदनं ठरवलेलं वाक्य उच्चारलं. "महावीर, मला काय बी ठावं नव्हतं. गणपतराव बोललंच न्हाईत. काल मी चेष्टेनं म्हटलो. मी क्षमा केलेली न्हाय."

महावीर बाहेर गेला, हातगाडीवाल्याला काहीतरी म्हणाला, आणि गाडी रिकामी निघून गेली. तो परत आत आला, पिशवीतनं हिरकणी काढली, खिळ्याला अडकवली आणि आपल्या पाटावर जाऊन बसला. "मग माझं जाणं हुईत न्हाय," म्हणाला. "माझं चुकलं. तुझ्या तोंडावर बोलाय पायजे हुतं." एवढंच. वाद नाही, शिरोळ नाही, अक्काताई नाही. शिवानंद वादाच्या तयारीत होता. त्यानं चार उत्तरं तयार ठेवली होती, आणि ती चारही तशीच राहिली.

आता खरं तर बोलायचं होतं, की मलाच जायचंय, तू बस. तोंड उघडलं की संपलं. शिवानंदनं कोरणी उचलली, ढाल पुढ्यात ओढली. गिऱ्हाईक आलं, फ्रेम विचारून गेलं. महावीरनं एक काच कापली, कर्रर, आणि आवाज शिवानंदच्या दाढेतनं मस्तकात गेला. ऊन पायरीवरून रस्त्यावर सरकलं, रस्त्यावरून समोरच्या भिंतीवर चढलं. ही महावीरची उठायची वेळ. तो उठला नाही. शिवानंदनं दोनदा बघितलं. भिंतीवरचं ऊन पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलं, मग कौलांना. "आरं, दिवस बुडायला आला," शिवानंद म्हणाला.

"बुडूं दे."

"जेवायचं हाय तुला."

"क्षमा न झालेल्या मानसानं काय जेवायचं, शिवानंद? पर्व करून काय उपेग झाला मग?" हे त्यानं रागानं म्हटलं नाही, रडकं तोंड करूनही नाही, रेशनच्या रांगेत नंबर गेला असं सांगावं तसं म्हटलं. आणि शिवानंदला दिसलं, की हा आज बसेल, उद्याही बसेल, मुदत संपेपर्यंत बसेल, रोज आपल्या शेजारी, तिकडं ती म्हातारी उशाला चपला घेऊन. बेंगळूरला खिडकीजवळच्या पलंगावर पडलं तरी हा तिथं बसलेला दिसेल. त्याला इतका शीण आला, इतका, की हाडं सुटी झाल्यागत वाटलं. भांडायला सुद्धा अंगात काही लागतं.

"ऊठ," तो म्हणाला. "सही करतो म्हणून सांग गणपतरावांना. सगळं माझ्या नावावर घेतो. काल चेष्टेनं दिली, आज शुद्धीत देतोय. जा, ऊन हाय तवर पोच."

महावीर उठला. डोळे भरून आले होते आणि ते तो लपवत नव्हता. शिवानंदच्या समोर येऊन म्हणाला, "एक सांगू? तुझा जीव ह्या दुकानात हाय हे ठावं होतं, म्हणून तर धाडस केलं. तू जातो म्हटला असतास ना, एकदा जरी म्हटला असतास, तर मी गणपतरावांची पायरी चढलो नसतो. अक्काला हितं आणली असती. तुला आधी सोडलं असतं, आईशप्पत."

बांबू सोडवणारी माणसं आता एकमेकांना हाका मारत दोर गुंडाळत होती. शालू आता फोनजवळ बसली असेल. शिवानंदनं ढाल पुसली आणि कपाटात ठेवली.

"मी कुटं जातोय?" तो म्हणाला. "जा, जेव जा."